जपानी कॉपी बेस: आधी नेक सोडवा, मग नाव वाचा

जुन्या जपानी कॉपी बेसच्या, म्हणजे अमेरिकन बेस गिटारच्या जपानी नकलेच्या, जाहिरातीत 'लॉसूट' (खटला) हा शब्द दिसला की किंमत फुगवलेली आहे असं धरून चालावं. खटला खरा होता. २८ जून १९७७ रोजी अमेरिकन गिटार कंपनी गिब्सनची मालक नॉर्लिन हिने फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात एल्गर कंपनीवर दावा लावला. एल्गर म्हणजे जपानी आयबानेझची अमेरिकेतली शाखा. वाद हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या बसवलेल्या टोकाच्या, आकाराचा होता: गिब्सनच्या हेडस्टॉकची वरची कड उघड्या पुस्तकासारखी दिसते, तिची नक्कल. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं आणि आयबानेझने तो आकार त्याआधीच बदलायला घेतला होता. फेंडर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचा या दाव्याशी काही संबंध नव्हता. त्यामुळे फेंडरच्या जॅझ बेस किंवा प्रिसिजन बेस या मॉडेलांच्या नकलेला 'लॉसूट बेस' म्हणणं हा निव्वळ बादरायण संबंध आहे आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये.

मग हे बेस घ्यावेत का? घ्यावेत, पण नेक, म्हणजे गिटारची लांब मान, चांगला असेल तरच. साधारण १९७२ ते १९८२ या काळात जपानमध्ये बनलेल्या, ३४ इंच म्हणजे ८६४ मिलिमीटर स्केलच्या (तारेच्या वाजत्या लांबीच्या) जॅझ आणि प्रिसिजन नकलांबद्दल हे लिहितो आहे. त्यातले चांगले नग आजच्या नव्या मध्यम किमतीच्या बेसला सहज मागे टाकतात, वाईट नग भिंतीवर टांगायच्या लायकीचे असतात, आणि दोघांच्या हेडस्टॉकवर कधी कधी एकच नाव असतं.

नाव एक आणि कारखाना दुसराच, ही तिथली रीत होती. ग्रेको हे टोकियोच्या कांदा शोकाई या व्यापारी कंपनीचं नाव, आयबानेझ हे नागोयाच्या होशिनो गाक्कीचं. पण दोघांचा बराच माल नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो गावी, १९६० साली सुरू झालेल्या फुजिगेन गाक्कीत बनायचा. त्याच गावातल्या मात्सुमोकूत शिलाई यंत्रांच्या लाकडी पेट्या बनत, पुढे तिथून आरिया आणि परदेशी आयातदारांच्या कितीतरी नावांच्या गिटारी निघाल्या. १९८७ मध्ये तो कारखाना बंद झाला. टोकाई हामामात्सूची, स्वतःच्या कारखान्यात स्वतःच्या नावाने बनवणारी. आणि फर्नांडिस हे नाव वाचून वसई किंवा मडगाव आठवलं तरी ती टोकियोची कंपनी होती, बाहेरच्या कारखान्यांकडून माल बनवून घेणारी. म्हणून 'फर्नांडिस चांगला की वाईट' या प्रश्नाला उत्तर नाही. समोरचा नग कुठल्या दर्जाचा, एवढंच विचारता येतं.

दर्जा ओळखायची सोपी किल्ली मॉडेलच्या आकड्यात आहे. जपानी कंपन्या मूळ किंमतच मॉडेलच्या नावात घालत. ग्रेकोचा जेबी-६०० म्हणजे ६०,००० येनचा, जेबी-४५० म्हणजे ४५,००० चा. टोकाईच्या आकड्यात हजार धरायचे: ४५ म्हणजे ४५,००० येन. आकडा ४०,००० च्या खाली असेल तर बॉडीच्या लाकडाबद्दल आणि पिकअपबद्दल (तारांचा कंप टिपणारं चुंबक आणि तारेची गुंडाळी) फार आशा ठेवू नये. ५०,००० च्या वर घन लाकूड, बरे पिकअप आणि नीट बसवलेले फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) मिळण्याची शक्यता वाढते. शक्यताच, हमी नाही.

साल ओळखताना फुजिगेनचे क्रमांक सरळ असतात. १९७५ च्या सुमारापासून पुढे पहिलं इंग्रजी अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे सालाचे. 'एच७९' ने सुरू होणारा क्रमांक ऑगस्ट १९७९ चा. मात्सुमोकूच्या क्रमांकात पहिला एक किंवा पहिले दोन आकडे सालाचे असतात. पण फेंडर पद्धतीच्या बेसवर हा क्रमांक बहुधा नेकमागच्या पत्र्यावर असतो, आणि तो पत्रा चार स्क्रूंवर असतो. पाच मिनिटांत बदलता येणाऱ्या वस्तूवरून ४५ वर्षांचा इतिहास ठरवू नये. 'मेड इन जपान' असं कुठेच लिहिलेलं नसलं तरी घाबरू नका. जपानमध्येच विकायच्या मालावर ते बहुतेक वेळा छापलेलं नसे. उलट पत्र्यावर 'स्टील अ‍ॅडजस्टेबल नेक' असं मोठ्या अक्षरात कोरलेलं दिसलं तर तो बहुधा सत्तरच्या दशकातला निर्यातीचा स्वस्त माल.

आता मुद्द्याची गोष्ट: नेक काढणं. विकणारा 'उघडू नका' म्हणाला तर तिथूनच परत फिरावं. चारही तारा हळूहळू, आळीपाळीने सैल करा, एकच तार एकदम सोडू नका. बेस पालथा घालून चारही स्क्रू थोडे थोडे ढिले करा. नेक अडकला असेल तर फटीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, पॉलिएस्टर रंगाचा टवका उडतो. नेक धरून किंचित वर-खाली हलवला की सुटतो. आत पहिल्यांदा नेक बसतो ती बॉडीतली खाच पाहा. कधी तारखेचा शिक्का, कधी पेन्सिलने लिहिलेला आकडा, कधी कोरं लाकूड. दोन आकडी साल पाहून लगेच इसवी सनाचा निष्कर्ष काढू नका, तो जपानी शोवा शकही असू शकतो: त्यात १९२५ मिळवायचे, ५३ म्हणजे १९७८. खाचेत कागदाची किंवा पुठ्ठ्याची घडी सापडली तर तो दोष नाही, कोणीतरी नेकचा कोन सुधारलेला आहे. मात्र पुठ्ठा खाचेच्या एकाच टोकाला असेल तर तो काढून, पूर्ण खाचेच्या मापाची पाचरीसारखी निमुळती लाकडी पट्टी घालावी. अर्धवट टेकलेला नेक वर्षानुवर्षांच्या ताणाने शेवटच्या फ्रेटांपाशी वर वळतो.

खाचेच्या आणि पिकअपच्या खळग्याच्या कडा टॉर्च धरून पाहिल्या की लाकूड कळतं. थर दिसले, म्हणजे आडवे-उभे गडद-फिके पट्टे, तर बॉडी प्लायवूडची. काही बॉडींवर वर-खाली सुंदर रेषांचा पातळ पापुद्रा आणि मध्ये प्लाय असतो. बाहेरून पाहणाऱ्याला अ‍ॅश लाकूड वाटतं. पापुद्र्याच्या रेषा पुढून पाठीमागे कडेवरून सलग वळत नाहीत, तिथे चोरी पकडली जाते. घन लाकडाच्या बॉडीत अ‍ॅशऐवजी बऱ्याचदा सेन नावाचं जपानी लाकूड असतं. त्याच्या रेषा अ‍ॅशसारख्याच, वजन बहुतेक वेळा थोडं कमी. सेनला कमी लेखायचं कारण नाही. प्लायवूडचा बेसही वाजतो, फक्त त्याचे घन लाकडाएवढे पैसे देऊ नयेत. खाचेच्या कोपऱ्यापाशी केसाएवढी चीर दिसली तर ती बहुतेक रंगाची असते. नखाने दाबून पाहा, दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलल्या तर लाकूड फुटलंय.

नेक परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्यात तो 'टक्' करून बसल्याचं हाताला कळतं, मगच सरळ आवळायचा. हे न करता रेटलं तर दरवेळी नवे आटे पडतात आणि भोक चिरडत जातं. भोक आधीच मोकळं झालं असेल तर कडक लाकडाची काडी गोंद लावून ठोकायची, २४ तास वाळू द्यायची, मग नवं भोक पाडायचं.

ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आत वाक सांभाळणारी धातूची सळई, हा या वयाच्या बेसचा खरा प्रश्न. फेंडर पद्धतीच्या कॉपीत त्याचा नट बहुधा नेकच्या बुडाशी असतो, म्हणून नेक काढलेला असतानाच तो तपासून घ्या. इथली चूक नेहमी एकच: जपानी नट मेट्रिक मापाचा, आणि लावला जातो अमेरिकन बेसबरोबर आलेला इंची पाना. थोडासा ढिला पाना दोन-तीनदा घसरला की नटाचे कोपरे गोल होतात. माप घेऊन, घट्ट बसणारा पाना लावा. नटाची जागा पेन्सिलने खूण करा, आधी पाव वळसा सैल करा, मग मूळ जागी आणा, मग एक अष्टमांश पुढे. दोन्हीकडे फिरला तर रॉड जिवंत आहे. पुढे जातच नसेल तर दोन शक्यता: नट आट्यांच्या शेवटाला टेकलाय, किंवा रॉड तुटायच्या बेतात आहे. पहिली शक्यता असेल तर नट पूर्ण काढून दोन मिलिमीटरचा वॉशर घातला की आणखी काही वळसे मिळतात. दुसरी असेल तर जोर करू नका. ट्रस रॉड बदलायचा म्हणजे फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) उचलायचा, आणि त्याची मजुरी साध्या कॉपीच्या किमतीएवढी होऊ शकते.

तारा लावल्यावर वाक मोजायचा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), सगळ्यात जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबलेली, आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यात किती फट आहे ते पाहायचं. एक व्हिजिटिंग कार्ड, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर, अलगद सरकलं पाहिजे. दोन-तीन कार्डं जात असतील तर नेक पुढे वाकलाय, रॉड आवळून सुधारेल. एकही जात नसेल आणि रॉड पूर्ण सैल असेल तर नेक उलटा वाकलाय. जाड तारांनी थोडा फरक पडतो, फार नाही. चार तारांचा एकूण ताण सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात असतो हे लक्षात घेतलं तर जुन्या नेकवर १०५ ची (०.१०५ इंचाची) जाड तार हौसेने का चढवू नये ते कळेल. रॉड अशक्त असेल तर ४० ते ९५ चा संच पुरे.

याहून फसवा दोष म्हणजे शेवटच्या फ्रेटांची उचल. नेक सरळ दिसतो, रॉडही ठीक चालतो, पण सोळाव्या-सतराव्या फ्रेटपासून पुढे बोर्ड घसरगुंडीच्या टोकासारखा वर गेलेला असतो. लक्षण असं: पहिल्या फ्रेटांपाशी वाजवताना आवाज स्वच्छ, बाराव्या फ्रेटच्या पुढे प्रत्येक स्वर खरखरतो, आणि तारा उचलल्या तरच खरखर थांबते. रॉड इथवर पोचतच नाही, त्यामुळे कितीही फिरवला तरी उपयोग नाही. फ्रेट पुरेसे उंच असतील तर शेवटचे पाच-सहा घासून उतार देता येतो. फ्रेट ०.६ मिलिमीटरच्या खाली झिजलेले असतील तर घासायला उरत नाही; सगळे फ्रेट काढून, बोर्ड रंधून, नवे घालणं आलं. हा खर्च विचारून तेवढी रक्कम किमतीतून वजा करा. पिळलेला नेक, म्हणजे एका बाजूला पुढे आणि दुसऱ्या बाजूला मागे वाकलेला, मात्र फुकटही घेऊ नका.

पिकअप तपासायला बेस उघडायचीही गरज नाही. केबल लावा, दोन्ही व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा, मल्टिमीटर २० किलो-ओमवर ठेवून केबलच्या दुसऱ्या टोकाला लावा. निरोगी जॅझ बेस साधारण साडेतीन ते चार किलो-ओम दाखवतो, कारण दोन्ही पिकअप समांतर जोडलेले असतात. एक व्हॉल्यूम शून्यावर आणला की आकडा सात-साडेसातच्या आसपास जायला हवा. दोन्ही उघडे असतानाच आकडा सातच्या घरात असेल तर एक पिकअप मेला आहे, कानाला ते कळलं नसलं तरी. प्रिसिजनला दहाच्या आसपास आकडा येतो. स्वस्त नकलांत बराच कमी येऊ शकतो. आकडा २० किलो-ओमच्या मापाबाहेर गेला तर बहुधा गुंडाळीची तार तुटली आहे.

पिकअप उघडलाच तर खालची बाजू पाहा. वरच्या दर्जाच्या पिकअपमध्ये प्रत्येक खांब स्वतः चुंबक असतो. हलक्या दर्जात साधे लोखंडी खांब आणि खाली चिकटवलेली एक काळी-राखाडी सिरॅमिक पट्टी. पट्टीवाले वाईटच असं नाही, पण त्यांचा वरचा सूर कर्कश वाटतो आणि टोन जरा बंद करूनच वाजवावे लागतात. ग्रेको आणि आयबानेझमध्ये मॅक्सनचे, म्हणजे निश्शिन ओनपा कंपनीचे पिकअप सापडतात. मूळ असतील तर बदलायची घाई करू नका. पिकअपखालचा फोम मात्र हमखास चिकट भुकटी झालेला असतो. तो खरवडून पाच-सहा मिलिमीटर जाडीचा नवा फोम घाला, नाहीतर पिकअप स्क्रूवर लोंबकळतो आणि तारेपासून दूर जातो. मग लोक आवाज दुबळा आहे म्हणून पिकअपलाच दोष देतात.

सुटे भाग बदलायचे ठरवलं की मेट्रिक-इंचीचं लचांड पुन्हा येतं. जपानी पॉट्सचा (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालच्या फिरत्या भागांचा) दांडा सहा मिलिमीटरचा आणि बारीक दातांचा, अमेरिकन पॉट्सचा पाव इंच म्हणजे ६.३५ चा. अमेरिकन पॉट बसवायला कंट्रोल प्लेटचं भोक ९.५ मिलिमीटरपर्यंत वाढवावं लागतं, आणि मूळ क्रोम प्लेट एकदा खणली की ती मूळ राहत नाही. पॉट फक्त खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लिनर मारून तीसेक वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, दहातले आठ तेवढ्याने सुधारतात. बदलायचाच असेल तर मेट्रिक २५० के (किलो-ओम) घ्या. ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो धातूचा भाग) आणि खुंट्या मागवताना भोकांमधलं अंतर कॅलिपरने मोजा. 'जॅझ बेससाठी' असं पाकिटावर लिहिलेलं असणं पुरेसं नाही. ब्रिजवरचे बारीक अ‍ॅलन स्क्रू गंजून अडकलेले असतात. भेदक तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा, सकाळी फिरवा. ताबडतोब फिरवाल तर डोकं चिरडेल.

हाच मेट्रिकपणा खोटेपणा पकडायला कामी येतो. टोकाई आणि ग्रेकोने आपली नावं फेंडरच्या जुन्या वळणदार अक्षरांत लिहिली होती. दुरून फेंडरच वाटावं हाच हेतू. ते नाव घासून फेंडरचं स्टिकर लावायला अर्धा तास लागतो. 'साठच्या दशकातला फेंडर' म्हणून कोणी बेस दाखवला तर कंट्रोल प्लेट उघडायला सांगा. कापडी वेष्टणाच्या तारेऐवजी रंगीत प्लास्टिकच्या बारीक वायरी, छोटे पॉट्स, चकचकीत हिरवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिसला तर आतलं सामान तरी फेंडरचं नाही. मग नेकचा नट कुठल्या मापाचा आहे ते पाहा.

जपानमधून थेट मागवत असाल तर मधल्या दलाल-सेवेतून लिलाव किंवा हार्ड-ऑफसारख्या जुन्या मालाच्या दुकानांची यादी पाहता येते. मशीनचं भाषांतर सगळ्या दोषांना 'वाक' म्हणून मोकळं होतं, म्हणून मूळ शब्द ओळखा. 'जुनझोरी' म्हणजे पुढचा वाक, सुधारता येणारा. 'ग्याकुझोरी' म्हणजे उलटा. 'नेजिरे' म्हणजे पीळ, इथे खिडकी बंद करा. 'योयू आरी' म्हणजे ट्रस रॉडला वाव शिल्लक आहे, हा शब्द सोन्याचा. फ्रेट 'नाना-वारी' म्हणजे सत्तर टक्के शिल्लक, ठीक. 'दोसा मिकाकुनिन' म्हणजे वाजवून पाहिलेला नाही. आणि 'जंक' म्हणजे परत घेतला जाणार नाही. त्यात कधी फक्त जॅकची वायर सुटलेला बेस निघतो, कधी तुटलेला रॉड. टोकियोत जाणं झालंच तर ओचानोमिझूच्या वाद्यांच्या दुकानांत बेस हातात घेऊन पाहता येतात. भाव लिलावापेक्षा चढे, पण नेकवरून नजर फिरवायला मिळते, त्याचे ते पैसे आहेत.

आमची पसंती सांगायची तर १९७७ ते १९८१ मधला ५०० च्या वरचा ग्रेको जॅझ. मार्च १९८२ मध्ये कांदा शोकाई आणि यामानो या जपानी कंपन्यांसह फेंडर जपान कंपनी निघाली, तिच्या गिटारी फुजिगेनच बनवू लागली, आणि ग्रेकोच्या फेंडर-नकला थांबल्या. म्हणजे काल नक्कल करणाऱ्या कारागिरांनाच आज अधिकृत काम मिळालं. फेंडर जपानच्या 'जेव्ही' क्रमांकांच्या पहिल्या बेसना आज जो भाव येतो तो पाहता, त्याच कारखान्यातला दोन-तीन वर्षं आधीचा ग्रेको हा शहाणा सौदा. टोकाईचा जॅझ साउंड तोडीस तोड, पण नावामुळे महागलेला. त्याच कंपनीचा हार्ड पंचर, म्हणजे प्रिसिजनची नक्कल, तुलनेने दुर्लक्षित आहे. तो आधी शोधा. आरियाचा प्रिसाइज बेस भक्कम, वजनाला मात्र जड निघू शकतो. वजन विचारून घ्या, साडेचार किलोंच्या वर असेल तर दोन तासांच्या कार्यक्रमात खांदा बोलतो. साठच्या दशकातले ३० इंची व्हायोलिन-आकाराचे बेस दिसायला गोड, नेक बहुधा अशक्त. घेतलेच तर आखूड स्केलच्याच तारा लावा. लांब तार जाड भागात कापून खुंटीला गुंडाळली की बाहेरचं वेटोळं सुटतं आणि स्वर मरतो.

पाठवणाऱ्याला सांगा की तारा दोन-तीन सुरांनी उतरव, पण पूर्ण सैल करू नकोस, आणि हेडस्टॉकखाली आधार दे. पेटी पडली की पहिला धक्का तिथेच बसतो. रोझवूडच्या कागदपत्रांची धास्ती बाळगू नका: २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परवान्यातून सूट आहे. अपवाद ब्राझिलियन रोझवूडचा, म्हणून जाहिरातीत कोणी भाव वाढवायला 'ब्राझिलियन' लिहिलं असेल तर तो शब्द पावतीवर येणार नाही ना, हे आधी विचारा. खरोखरच तसा बोर्ड असेल तर तो बेस सोडून द्या. जुलैत मुंबई किंवा गोव्यात पेटी पोचली तर दोन दिवस ती बंदच राहू द्या. मग तारा सुरात आणा आणि ट्रस रॉडला पंधरा दिवस हात लावू नका, नेक अजून हलत असतो. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर बारीक तार दोन मिलिमीटर आणि जाड तार अडीच मिलिमीटर उंचीवर आणून बेस वाजवायला घ्या.